जुनं ३३/११ केव्ही उपकेंद्र नव्याने उभारताना: ट्रान्सफॉर्मर सगळ्यात शेवटी

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात यंत्रमाग आणि वस्ती या दोन्हींना वीज देणारं, चाळीसेक वर्षांचं एक ३३/११ केव्ही उपकेंद्र, म्हणजे ३३ हजार व्होल्टची वीज ११ हजारांवर उतरवणारं. ५ एमव्हीए क्षमतेचे दोन ट्रान्सफॉर्मर, ११ केव्हीचे सहा फीडर (भागात वीज नेणाऱ्या लाइन), ३३ केव्हीची एकच लाइन. मार्च ते जून रोज कुठं ना कुठं ट्रिपिंग. "१० एमव्हीएचे बसवले की मिटेल" असं सगळे म्हणतात. मिटेल का? आणि भाग अंधारात न ठेवता काम कसं करायचं?

नुसत्या ट्रान्सफॉर्मरने मिटणार नाही. ट्रान्सफॉर्मर दिसतो, त्याचं उद्घाटन करता येतं, म्हणून त्याचं नाव आधी निघतं. वीज बहुतेक वेळा जाते ती जंपर (दोन भाग जोडणारी तार), क्लॅम्प, बॅटरी, रिले (दोष ओळखून ब्रेकरला पाडणारं यंत्र) आणि अर्थिंग यांच्या पायी. फताटेवाडीला एनटीपीसीचं १,३२० मेगावॉटचं केंद्र शेजारी असताना आमची वीज का जाते, असंही लोक विचारतात. ते केंद्र देशाच्या ग्रिडला जोडलेलं आहे; तुमचा दिवा लटकलाय तो ११ केव्हीच्या शेवटच्या गाळ्यावर (दोन खांबांमधल्या तारेवर) आणि त्यामागच्या या उपकेंद्रावर.

सुरुवात ट्रिपिंग रजिस्टरपासून करा. मागच्या दोन वर्षांच्या नोंदींचे चार ढीग पाडा: ३३ केव्हीच गेली, एकच फीडर गेला, फीडरवर दोष आला पण त्याचा ब्रेकर न पडता इनकमर (ट्रान्सफॉर्मरकडून येणारा मुख्य ब्रेकर) पडला आणि अख्खी बस (सगळे फीडर जिथून निघतात ती सामायिक पट्टी) गेली, ठरवून घेतलेला शटडाउन. प्रत्येक नोंदीपुढे कोणत्या रिलेचा फ्लॅग (तो चालल्याची खूण) पडला आणि त्या वेळी किती अँपिअर होते ते लिहा. फ्लॅगच लिहिलेले नसतील, तर तीन महिने नीट लिहून घेतल्याशिवाय अंदाजपत्रक करू नका. तिसरा ढीग हा उपकेंद्राचा खरा आजार. एका डीपीवर फांदी पडली आणि सहाही फीडर गेले, तर त्यात ट्रान्सफॉर्मरचा काडीचा दोष नाही. आणि पहिला ढीग सगळ्यात मोठा निघाला, तर पैसा आधी ३३ केव्हीच्या दुसऱ्या लाइनवर घाला. तीसुद्धा शक्यतो दुसऱ्या अतिउच्चदाब उपकेंद्रातून यावी. एकाच खांबांवरून आलेल्या दोन सर्किटना दोन सोर्स म्हणायचं नाही. खांब पडला की दोन्ही जातात.

आता लोड. ५ एमव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरचा ११ केव्ही बाजूचा पूर्ण करंट २६२ अँपिअर. समजा मे महिन्यातला एकत्रित कमाल भार ८ एमव्हीए आहे. दोघांवर प्रत्येकी २१० अँपिअर, म्हणजे ८० टक्के. कागदावर सगळं छान. त्यातला एक बंद पडला की उरलेल्यावर ४२० अँपिअर मागणी येते आणि फीडर आळीपाळीने बंद ठेवावे लागतात. १० एमव्हीएचे दोन असले, तर एकटा ५२५ अँपिअरपर्यंत ओढतो आणि दुसरा दुरुस्तीला मोकळा राहतो. १० एमव्हीए मागायचं खरं कारण हे, "लोड वाढलंय" हे नव्हे. सोलापूरचा उन्हाळा त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांचा. वाइंडिंगच्या सर्वांत तापलेल्या जागेचं तापमान दर ६ अंशांनी वाढलं, की कागदाच्या इन्सुलेशनची झीज साधारण दुप्पट होते. त्यामुळे मे महिन्यात नेमप्लेटच्या काठावर ट्रान्सफॉर्मर रोज चालवणं म्हणजे त्याचं आयुष्य उसनं वापरणं.

यंत्रमागांचा पॉवर फॅक्टरही (भारातला खऱ्या कामाचा वाटा) बघा. ५ एमव्हीए भार ०.८५ वर असेल, तर खरी शक्ती ४.२५ मेगावॉट. तो ०.९५ वर आणायला सुमारे १.२ एमव्हीएआर कपॅसिटर लागतात आणि भार ४.४७ एमव्हीएवर येतो. म्हणजे अर्धा एमव्हीए जवळपास फुकट मोकळा झाला. पण कपॅसिटर ६०० केव्हीएआरच्या दोन पायऱ्यांत, आपोआप लागणारे-सुटणारे घ्या. रात्री माग बंद आणि बँक चालू राहिली, तर वस्तीतलं व्होल्टेज चढतं. नव्या मागांवर इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह आहेत, म्हणून हार्मॉनिक्स (वीजलहरीतली विकृती) मोजून सिरीज रिअॅक्टर ठरवा, नाहीतर पहिल्याच वर्षी बँकेची युनिटं फुगतात.

ट्रान्सफॉर्मर मोठा केला की शॉर्ट सर्किटचा करंटही वाढतो, आणि इथं बरेच जण फसतात. ५ एमव्हीएचा इम्पीडन्स (करंटला होणारा अडथळा) साधारण ७.१५ टक्के, १० एमव्हीएचा ८.३५ टक्के. मागच्या ग्रिडचा इम्पीडन्स सोडून दिला, तर ५ एमव्हीएचा एक ट्रान्सफॉर्मर ११ केव्ही बसवरच्या दोषाला ३.७ किलोअँपिअर देतो आणि १० एमव्हीएचा ६.३. दोन १० एमव्हीए समांतर चालवले तर १२.६. जुने ऑइल सर्किट ब्रेकर अनेक ठिकाणी २५० एमव्हीए तोडक्षमतेचे असतात. ११ केव्हीला ते होतात १३.१ किलोअँपिअर, तेही नवे असताना. म्हणजे मोठे ट्रान्सफॉर्मर आणून जुने ब्रेकर ठेवले, तर गाठ अगदी काठावर येते. ब्रेकर २५ किलोअँपिअरचे व्हॅक्यूम घ्या आणि बस सेक्शनलायझर (बसचे दोन भाग जोडणारा स्विच) एरवी उघडा ठेवा, म्हणजे एका बाजूच्या दोषाला एकच ट्रान्सफॉर्मर करंट पुरवतो. सीटीचंही (रिलेला करंट दाखवणाऱ्या करंट ट्रान्सफॉर्मरचंही) तेच. जुनी २००/५ ची, ५पी१० वर्गाची सीटी दोन हजार अँपिअरपर्यंतच खरं बोलते. ६.३ किलोअँपिअर आले की ती सॅच्युरेट होते, रिलेला कमी करंट दिसतो आणि फीडर उशिरा पडतो. फीडरना ४००/१, ५पी२० घेतल्या की आठ हजारांपर्यंत चिंता नाही.

जुन्यातलं काय ठेवायचं आणि काय भंगारात काढायचं? ट्रान्सफॉर्मर वयावर काढू नका, चाचण्यांवर काढा: तेलातल्या विरघळलेल्या वायूंची तपासणी, फ्युरान (कागदाची झीज दाखवणारा घटक), टॅन डेल्टा (इन्सुलेशनची अवस्था), वाइंडिंग रेझिस्टन्स, इन्सुलेशन रेझिस्टन्स. ॲसिटिलीन नाही आणि फ्युरान कमी आहे, तर चाळीस वर्षांचा ट्रान्सफॉर्मरही तेलाची फेरभरणी, नवे गॅस्केट आणि नवे बुशिंग घेऊन दुसरीकडे कमी भारावर चालतो. याउलट दहा वर्षांचा, पण दर आठवड्याला जवळच्या शॉर्ट सर्किटचे धक्के खाल्लेला ट्रान्सफॉर्मर आतून सैल झालेला असू शकतो. जुने पिन इन्सुलेटर मात्र बिनदिक्कत काढा. एप्रिल-मेमध्ये त्यांच्यावर धूळ साचते आणि वळवाच्या पहिल्या सरीत ती ओली होऊन फ्लॅशओव्हर होतो, म्हणजे इन्सुलेटरवरून ठिणगी उडते. मुसळधार पावसात नाही, त्या पहिल्या अर्ध्या तासाच्या भुरभुरीत. ३३ केव्हीला पोस्ट इन्सुलेटर घ्या आणि धुळीच्या जागी क्रीपेज (इन्सुलेटरच्या पृष्ठभागावरून मोजलेलं अंतर) ३६ केव्हीला निदान ९०० मिलिमीटर धरा.

जंपरजवळ क्षणभर थांबू. आयसोलेटरच्या (लाइन तोडून ठेवणाऱ्या स्विचच्या) तांब्याच्या पॅडवर ॲल्युमिनियमचा क्लॅम्प थेट आवळलेला जुन्या यार्डात हमखास सापडतो. दोन धातूंमध्ये ओल शिरली की ॲल्युमिनियम खातं, पांढरी पूड धरते, संपर्क कमी होतो आणि जागा तापते. भार दुप्पट झाला की सांध्यातली उष्णता चौपट होते. मग रात्री नऊ वाजता लालसर ठिपका दिसतो, पंधरा दिवसांनी जंपर तुटून खाली लोंबकळतो आणि बस जाते. उपाय फार स्वस्त आहे: बायमेटल क्लॅम्प किंवा पत्रा, तारेच्या ब्रशने घासून लगेच ग्रीस, आणि टॉर्क रेंचने आवळणं. "हाताने फिट्ट" हा टॉर्क नव्हे. थर्मल कॅमेऱ्याने पाहणी करायची ती भर भारावर, सूर्य मावळल्यावर. दुपारी तीनला काढलेल्या फोटोत सगळंच तापलेलं दिसतं.

सोलापूरची जमीन हा स्वतंत्र विषय आहे. वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगा पडतात. गॅन्ट्रीचा (तारा धरणाऱ्या सांगाड्याचा) किंवा ट्रान्सफॉर्मरचा पाया मातीतच थांबवला, तर दोन-तीन वर्षांत खांब कलतो आणि आयसोलेटरचे ब्लेड जबड्यात सरळ बसत नाहीत. मग ऑपरेटर हँडलवर जोर देऊन ते बसवतो आणि संपर्क अर्धवट राहतो. पाया मुरुमापर्यंत न्या. माती खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल (तळाशी फुगीर खांबपाया) घ्या. भरावासाठी खोदलेली काळी माती परत टाकू नका, मुरूम टाका. १० एमव्हीएचं वजन ५ एमव्हीएच्या दीडपट ते दुप्पट, त्यामुळे जुन्या प्लिंथवर नवा ट्रान्सफॉर्मर "बसतोय" म्हणून बसवायचा नाही. एका टाकीत २,००० लिटरहून जास्त तेल असलं, तर तेलखड्डा हवा आणि दोन ट्रान्सफॉर्मरमध्ये आगरोधक भिंत हवी.

हीच माती अर्थिंगला चकवते. ऑगस्टमध्ये ओली काळी माती उत्तम वाहक, रीडिंग अर्ध्या ओहमचं येतं आणि बिल पास होतं. मेमध्ये इलेक्ट्रोडभोवती बोटभर फट पडलेली असते. म्हणून अर्थिंग मेमध्ये मोजा. तीन मीटरचा पाइप मुरुमात अडकत असेल, तर त्यावर घण घालत बसू नका. १५० मिलिमीटरचं बोअर मारून बेंटोनाइट भरा. अर्थ मॅटची (यार्डाखाली पुरलेल्या जाळीची) पट्टी ६०० मिलिमीटर खोल ठेवा, जमिनीखालचे सांधे वेल्ड करून त्यांवर बिटुमेन लावा. जमिनीखाली नटबोल्ट नको. ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलला दोन वेगवेगळे अर्थ आणि बॉडीला वेगळे दोन, हा तर नियमच आहे. यार्डावर १०० मिलिमीटर खडी पसरतात ती शोभेची नाही. अर्थिंग १ ओहम असलं आणि त्यातून १,५०० अँपिअर गेले, तर यार्डाचं व्होल्टेज तेवढा वेळ १,५०० व्होल्टने चढतं. तेव्हा उभ्या माणसाच्या पायांखालून करंट जाऊ न देण्याचं काम ती खडी करते. मातीत रुतलेली, गवत उगवलेली खडी ते काम करत नाही. मोजणीतली एक नेहमीची चूकही सांगून ठेवतो: यार्डाचा कर्ण ५० मीटर असताना करंटची खुंटी ३० मीटरवर ठोकतात. ती मॅटच्या प्रभावातच पडते आणि रीडिंग खोटं येतं. कर्णाच्या निदान चार-पाच पट लांब जावं लागतं. गावात जागा नसेल तर रस्त्याच्या कडेने वायर न्या.

आता तिसऱ्या ढिगाचं मूळ: बॅटरी आणि रिले. फीडरवर जोरदार दोष आला की बसचं व्होल्टेज कोसळतं, त्याबरोबर स्टेशनचा एसी पुरवठा पडतो आणि चार्जरही त्याच क्षणी निकामी होतो. ब्रेकर पाडायला उरते फक्त बॅटरी. ३० व्होल्टच्या बॅटरीत २ व्होल्टचे १५ सेल. चार्जर चालू असताना मीटर ३३ व्होल्ट दाखवतो आणि सगळे खूश असतात. एक सेल मेलेला असला, तर ट्रिप कॉइलने करंट ओढताच व्होल्टेज ढासळतं. ट्रिप कॉइल ७० टक्के व्होल्टेजपर्यंत, म्हणजे २१ व्होल्टपर्यंत चालायला हवी; त्याखाली ब्रेकर पडेलच याची खात्री नाही. म्हणून तपासणी चार्जर बंद करून, ब्रेकर प्रत्यक्ष पाडून करायची. वर्षातून एकदा दहा तासांचा डिस्चार्ज घ्या आणि सेल १.८५ व्होल्टला कधी येतो ते प्रत्येक सेलचं वेगळं लिहा. बॅटरीची खोली पत्र्याच्या छपराखाली नको. दोन चार्जर ठेवा आणि प्रत्येक पॅनेलला ट्रिप सर्किट सुपरव्हिजन रिले घ्या. कॉइल तुटल्याचं तो आधी सांगतो, दोष आल्यावर नव्हे.

रिले न्यूमेरिकल (डिजिटल) घेतले म्हणजे समन्वय आपोआप येत नाही. एक उदाहरण करून बघू. फीडरचं सेटिंग २०० अँपिअर, नॉर्मल इनव्हर्स कर्व्ह (करंट जास्त तशी वेळ कमी), टीएमएस (वेळेचा गुणक) ०.१. दोष ३,००० अँपिअरचा, म्हणजे सेटिंगच्या १५ पट. वेळ येते ०.२५ सेकंद. त्यावर इनकमरला ०.३ सेकंदाचं अंतर हवं, म्हणजे त्याने साधारण ०.५५ ला पडावं. इनकमरचं सेटिंग ६०० अँपिअर, तोच दोष त्याला ५ पट. टीएमएस बसतो ०.१३. आता ट्रान्सफॉर्मर बदलल्यावर कुणी इनकमरचं जुनं ३०० अँपिअरचं सेटिंग तसंच ठेवलं आणि टीएमएस ०.०५, तर तो त्याच दोषाला सुमारे ०.१५ सेकंदात, फीडरच्या आधी पडतो. अख्खी बस गेली, आणि वर "नवीन उपकेंद्रही तसंच" हे ऐकून घ्यावं लागतं. हे गणित फीडरच्या टोकाच्या आणि बसजवळच्या अशा दोन्ही दोषांना, तसंच अर्थ फॉल्टसाठी वेगळं करा. आणि ३३ केव्ही बाजूच्या सेटिंगशी जुळवा.

काम टप्प्याटप्प्याने करायचं तर पहिली अट मोकळी जागा. जुनं यार्ड चालू ठेवून बाजूला कंट्रोल रूम आणि ११ केव्हीचा इनडोअर बोर्ड आधी उभारा. माग भागातला तंतू आणि धूळ यांपासून इनडोअर बोर्ड वाचतो. पण केबलच्या भोकांतून पाली आणि उंदीर शिरतात, तेव्हा प्रत्येक ग्लँड आणि खालची प्लेट बंद करा. एक पाल बसबारवर मेली तरी बोर्ड जातो. मग पहिला नवा ट्रान्सफॉर्मर उभा करून नव्या बसचा एक अर्धा चार्ज करा आणि फीडर एकेक करून हलवा. सगळी केबल आणि टर्मिनेशन (केबलच्या टोकांची जोडणी) आधी तयार असेल, तर एका फीडरला चार-सहा तास पुरतात. त्या वेळात शेजारच्या उपकेंद्रातून ११ केव्ही टायने (दोन उपकेंद्रांना जोडणाऱ्या लाइनने) भार घ्यायचा. त्या टायच्या लाइनचा कंडक्टर आणि तिकडच्या रिलेचं सेटिंग आधी तपासलं नाही, तर तिकडचं उपकेंद्रही पडतं. तीन फीडर नव्या बसवर हलले की जुना एक ट्रान्सफॉर्मर मोकळा होतो, त्याच्या जागी दुसरा नवा.

काळ निवडा नोव्हेंबर ते फेब्रुवारी: जमीन कोरडी, भार कमी. मधे संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असते, तेव्हा शटडाउन मागूच नका. दहावी-बारावीच्या परीक्षांतही नको. पाण्याच्या पंपांना वेगळा एक्स्प्रेस फीडर द्या आणि त्याचं स्थलांतर पाण्याची पाळी बघून ठेवा. आधीच पाणी काही दिवसांआड. त्यात पाळीच्या दिवशी पंप बंद पडले तर लोक उपकेंद्राच्या दारात येतात, आणि बरोबरच करतात.

टर्मिनेशन हा या कामातला सगळ्यात कमी लेखलेला भाग. एक्सएलपीईवरचा (केबलच्या इन्सुलेशनवरचा) काळा सेमिकॉन थर काढताना चाकू अर्धा मिलिमीटर खोल गेला, की इन्सुलेशनवर ओरखडा राहतो. दिसत नाही, चाचणीतही बहुधा पास होतो. सहा-आठ महिन्यांनी तिथूनच केबल फुटते. वारा आणि धूळ असताना उघड्यावर टर्मिनेशन करायचं नाही, ताडपत्री लावा. चाचणी डीसी हायपॉटने (उच्च डीसी व्होल्टेजने) नको, ०.१ हर्ट्झच्या व्हीएलएफने (अगदी कमी वारंवारतेच्या एसीने). १० एमव्हीएच्या इनकमरला तीन कोरची, ३०० चौरस मिलिमीटरची एक केबल पुरत नाही, दोन रन घ्या.

प्रत्येक शटडाउनला लेखी परमिट, दोन्ही बाजूंचे आयसोलेटर उघडे आणि कुलूपबंद, टेस्टर लावून खात्री आणि कामाच्या दोन्ही टोकांना अर्थिंग. टाय फीडर, कारखान्यांचे जनरेटर आणि छतावरचं सोलर यांतून वीज उलटी येऊ शकते. "मेन बंद केलंय" एवढ्यावर कुणाला खांबावर चढवायचं नाही.

चार्जिंगआधी तेल फिल्टर करून बीडीव्ही (ज्या व्होल्टेजला तेलातून ठिणगी उडते ते) २.५ मिलिमीटर गॅपला ६० किलोव्होल्टपर्यंत आणा. रेडिएटरचे वरचे-खालचे सगळे व्हॉल्व्ह उघडे आहेत का, बुकोल्झमधली (आतल्या बिघाडाचा वायू टिपणाऱ्या रिलेमधली) हवा काढली का, ब्रीदरच्या (ट्रान्सफॉर्मर ज्यातून हवा घेतो त्याच्या) तेलकपाची वाहतुकीची सील काढली का, हे एका माणसाने हात लावून बघायचं. ही सील राहिल्यामुळे ट्रान्सफॉर्मरला श्वास घेता येत नाही आणि दुपारी तापला की गॅस्केटमधून तेल झिरपतं. लोक गॅस्केटला शिव्या देतात. सीटीची पोलॅरिटी प्रायमरी इंजेक्शनने तपासा आणि प्रत्येक रिलेने आपला ब्रेकर खरंच पाडून बघा. विद्युत निरीक्षकांची मंजुरी मिळाल्यावर ट्रान्सफॉर्मर चोवीस तास बिनभाराचा चालू ठेवा, मगच फीडर जोडा.

फीडर जोडताना फेज सिक्वेन्स बघा. आर आणि वाय उलटे लागले तर घरातले दिवे नेहमीसारखेच लागतात. कुणाला कळत नाही. पण माग आणि बोअरचे पंप उलटे फिरतात. टाय बंद करायच्या आधी तर फेजिंग प्रत्यक्ष मोजूनच बघा, तिथे चूक म्हणजे थेट शॉर्ट.

पहिला उन्हाळा उलटल्यावर सगळे क्लॅम्प पुन्हा टॉर्कवर तपासा, कारण नवीन सांधे पहिल्या काही महिन्यांच्या तापण्या-निवण्यातच सैल होतात. रिले सेटिंगचा एक तक्ता तारखेसकट प्रत्येक पॅनेलच्या दारामागे चिकटवा, आणि कुणी सेटिंग बदललं तर जुना आकडा खोडून शेजारी नवा, कारण आणि सही. खोडरबर वापरायचं नाही.